ओरखडा न पडणारा रंग

ईदला मलेशियातल्या जोहोरहून दूर केलांतानला गावी जायचं होतं. चार महिन्यांच्या लेकीला खच्चून भरलेल्या बसमधून न्यायची नूरैनीला धास्ती, त्यामुळे गाडीनेच जायचं ठरलं. पण गावात भाऊबंद माणसांआधी चाकं बघतात, म्हणून तिच्या नवऱ्याने, हेल्मीने, टायर उतरवून अलॉय व्हील्स रंगवायला काढली.

“अहो, साधा रंग मारा ना, उद्या हातात मिळतील.”

“साध्या रंगाला ओरखडे पडतात गं. पावडर कोटिंग भट्टीत भाजून काढतात, दगडालाही दाद देत नाही.”

व्हील्स चकाचक होऊन आली, तोवर टायर बसवणारा दुकानाला कुलूप लावून आपल्या गावी गेला होता.



बसमध्ये नूरैनीच्या मांडीवर लेक होती आणि हेल्मीच्या मांडीवर एक व्हील, ओरखडा पडू नये म्हणून लेकीच्या दुपट्यात गुंडाळलेलं.