खिडकीकडून चौथी

गवंड्याने भिंतीला कान लावला आणि वकीलबाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. झालं! आधीच केसमध्ये दम नाही, त्यात अशिलाची ही नाटकं.

भिंतीला चांगली हातभर भेग पडली होती. मालक म्हणत होते, सगळं काम याचंच. गवंडी म्हणत होता, कंबरेपर्यंत माझं. मग मला काढून टाकलं, वरचं दुसऱ्याने चढवलं. गोष्ट सहा वर्षांपूर्वीची, आणि कुणाचा हात कुठे थांबला याचा कागद नाही. वकीलबाईंनी फाइली पालथ्या घातल्या होत्या. निवाडा देणारे लवाद, जुने इंजिनिअर, आज स्वतः भिंत बघायला आले होते. दोष अंगाला चिकटला असता, तर या वयात गवंड्याला कुणी दारात उभं केलं नसतं.

तो बोटाने भिंत ठोकत ठोकत गेला, थांबला आणि खडूने रेघ मारली.

"माझं इथपर्यंत. रेघेखाली दुसरा थर, खिडकीकडून चौथी वीट. काळी आहे, भट्टीत करपलेली. चांगल्या विटा संपल्या होत्या, संध्याकाळ झाली होती. लावली."

"लिहून घ्या!" समोरचे वकील उसळलेच. "करपलेली वीट चालणार नाही, असं करारातच आहे. कबूल केलं यांनी!"

वकीलबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. "अहो मिस्त्री, कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"पण आहे ना ती, बाई."

लवादांनी खूण केली. छिन्नी लागली, गिलावा पडला. रेघेच्या वर विटांमध्ये बोट जाईल एवढ्या पोकळ्या. भेग तिथूनच निघालेली. रेघेखाली सांध्यात नखही शिरेना. आणि खिडकीकडून चौथी वीट काळी.

वकीलबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. बाप रे! किती हजार विटा लावल्या असतील या माणसाने, आणि ही एक अजून डोक्यात! समोरच्या वकिलांनीही पेनाला टोपण लावलं.

गवंडी मात्र ओशाळून उभा होता. "मालक, एवढी एकच. आज बदलून देतो."

मालक पुढे झाले. त्यांनी विटेवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"हिला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "वरची भिंत कधी चढवायला घेता तेवढं सांगा, मिस्त्री."