उजवीकडचे बंद

"काठी खाली ठेव," ठाणेदार कुओ ओरडला.

वेशीबाहेरचा माणूस काही काठी खाली ठेवेना. अंगावर मेंढीचं कातडं, पायांत हूणांचे जोडे, मागे वाऱ्यानं गाल लाल होऊन फुटलेली एक हूण बाई. बोलणं मात्र अस्सल राजधानीचं.

"ही खाली ठेवायची नसते, साहेब. सम्राटांनी हातात दिली आहे. मी येन फू. व्यापाराची वाट शोधायला पश्चिमेला पाठवलेला दूत."

कुओनं काठीकडे पाहिलं. दूताच्या काठीला याकच्या शेपटीचे झुबकेदार गोंडे असतात. हिला चार केस चिकटले होते.

"ते दूत हूणांनी केव्हाच खाल्ले. काठी कुणाची ढापलीस?"

"हूणांनी खाल्लं नाही, वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं. आता पळून आलोय."

अशा गोष्टी कुओनं खूप ऐकल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या ठाण्यानं एका रडक्या म्हाताऱ्याची दया येऊन त्याला आत घेतलं. त्या ठाण्याची आता नुसती राख उरली होती. कुओला स्वतःची राख करून घ्यायची नव्हती. हेर निघाला की मुंडकं वेशीला टांगायचं. त्यासाठी कुणाला विचारायची गरज नव्हती.

त्यानं येनचं गाठोडं उपडं केलं. बिया निघाल्या. काही काळ्या, बारक्या, काही पिवळट.

"विष?"

"ही द्राक्षं. हा घोड्यांचा चारा. साहेब, पलीकडे मोठमोठी शहरं आहेत. बाजार आहेत. आपल्या रेशमाचं चिंधूक दिसलं तरी तिथले लोक हातातलं काम टाकून धावत येतात."

"बाजार म्हणे! तिकडे वाळू आहे वाळू. आम्हाला काय दूधखुळे समजतोस?"

शिपाई हसले. येन हसला नाही. "आधी जरा अंग धुऊ द्या," तो म्हणाला, "आणि आपल्याकडचा एक अंगरखा द्या. या कातड्यात राजधानीकडे तोंड करून नमस्कार कसा करू?"

कुओचे डोळे बारीक झाले. हे बरं सुचलं याला. त्यानं पाणी दिलं, स्वतःचा जुना अंगरखा भिरकावला आणि भिंतीला टेकून बघत उभा राहिला. अंगरखा सगळेच घालतात, पण बंद बांधताना माणूस कळतो. आपली माणसं उजव्या काखेखाली सुरगाठ मारतात. डावीकडे बांधतात ते हूण. आणि आपल्यात डावीकडे बांधतात ते फक्त मेलेल्याला, तेही निरगाठ मारून, कारण ती पुन्हा सोडायची नसते.

येननं बाह्या चढवल्या. अंगरख्याचं कापड दोन बोटांत धरून जरा वेळ नुसताच उभा राहिला. डोळे भरून आले होते त्याचे. मग हात आपोआप चालू झाले आणि त्यानं बंद बांधले.

डावीकडे.

"सापडला!" कुओनं तलवार उपसली.

"अरे, तसं नाही रे!" शिपायांना ढकलत ती हूण बाई पुढे आली. तिनं येनच्या हातावर फटका मारला, बंद सोडले, कापड फिरवलं आणि उजव्या काखेखाली नीटस सुरगाठ मारून दिली. "इकडे. इकडे ना?"

कुओची तलवार तिथंच थांबली.

"हिला कुणी शिकवलं?" कुओनं विचारलं.

"यानंच," बाई मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली. "तंबूत. घोंगडीलाच बंद शिवून रोज बांधायला लावायचा. म्हणायचा, सोरा, माझे हात विसरत चाललेत. तू विसरू नकोस."

कुओ दाढी खाजवत राहिला. डोकं त्याचं कमी नव्हतं, पण ते एकाच वाटेनं चालायचं. हेर शिकूनसवरून येतो. हेर असता तर हा बंद बांधायला चुकलाच नसता. म्हणजे हा खरा. आणि जी चुकली नाही...

त्यानं तलवार म्यान केली. "येन फू, या आत. राळ्याची गरम पेज आहे. आणि बाईला धरा रे. एवढं पढवून पाठवलेली बाई साधी नाही."

दोन शिपायांनी सोराचे दंड धरले. तिनं येनकडे पाहिलं.

"साहेब, ती माझी बायको आहे."

"असेल. तुम्हाला आत घेतोय ना? उगाच हट्ट करू नका. तुमच्या घरचे वाट बघत असतील."

"घरच्यांनी माझे दिवस केव्हाच घातले असतील," येन म्हणाला.

वेस उघडी होती. आतून पेजेचा वास येत होता. येननं त्या वासाकडे तोंड करून, गुडघे टेकून, राजधानीला नमस्कार केला. मग उठला, वेशीला पाठ केली आणि उजवीकडची सुरगाठ ओढून सोडली. अंगरख्याची बाजू उलटी घेतली, डावीकडे बंद आवळले आणि निरगाठ मारली. या खेपेला हात आपोआप चालले नव्हते. सावकाश, नीट बघून त्यानं गाठ मारली.

शिपायांचे हात आपसूक सैल झाले. एक जण तर दोन पावलं मागे सरला.

"अहो, हे काय अभद्र?" कुओ ओरडला.

येन चालत सोराजवळ गेला आणि तिच्या शेजारी वाळूत बसला. काठी त्यानं मांडीवर आडवी घेतली.

सोरानं गाठ पाहिली. वैतागून मान हलवली, नखांनी ओढून पाहिली, मग खाली वाकून दात लावले. गाठ काही सुटेना.

"ही कुठली गाठ?" ती म्हणाली. "ही तर तू मला शिकवलीच नाहीस."