मोजून दहा मिनिटं

१६. शर्यत. एकवीस किलोमीटर.

सरावाचा तक्ता शेवटाकडून लिहायचा, ही थोरलीची शिस्त. आधी शर्यतीचा आठवडा मांडायचा, मग एकेक पायरी मागे यायचं. कापडं बेतायच्या टेबलावर तिने खाकी कागद अंथरला, खडूने सोळा पट्ट्या आखल्या आणि सगळ्यांत खालच्या पट्टीत लिहिलं, 'शर्यत'.

समोर धाकटी जाऊ फोन घेऊन बसली होती. फोनवर शर्यतीचा अर्ज उघडा. दोघींची नावं भरलेली, बटण तेवढं दाबायचं राहिलेलं. मुदत आज दुपारी बारापर्यंत.

"दाब की गं."

"आधी तक्ता," धाकटी म्हणाली.

१५. हलकं. पाय ताजे ठेवायचे.

१४. त्याहून थोडं जास्त. पण हलकंच.

"बघ, दोन आठवडे आरामच आराम," थोरली म्हणाली. "आणि तू गावभर सांगत फिरतेस, मला थांबता येत नाही म्हणून."

"गावभर नाही. फक्त आपल्या घरातल्या दोघा भावांना सांगितलं."

"त्यांना काय कळतंय! पळायचं नाव काढलं की दोघांनाही उसण भरते."

१३. सर्वांत लांब धाव. अठरा.

इथे खडू जरा अडखळला. मागच्या खेपेला याच पट्टीच्या अलीकडे तापाने तिचा एक आठवडा खाल्ला होता. चाळीस किलोमीटर बुडाले. ते तिने तीन दिवसांत भरून काढले. तिसऱ्या दिवशी डाव्या पायाच्या हाडाला चीर गेली. त्यानंतर सहा आठवडे पाय जाडजूड बुटात. तो बूट आज सकाळीच निघाला. डॉक्टर म्हणाले, "आज दहा मिनिटं चाला. दुखलं तर आधीच थांबा. नाही दुखलं तर दहाला थांबा."

१२ ते ४. हळूहळू वाढ. अधूनमधून उतार.

३. आज. चालणं, दहा मिनिटं.

खडू खाली ठेवला, तर वर दोन पट्ट्या कोऱ्या. पहिला आठवडा, दुसरा आठवडा. दोन्ही पलंगावर गेलेले.

थोरलीने मान तिरकी करून कागद न्याहाळला. कापड तोकडं पडलं की ती अशीच न्याहाळायची.

"बसेल," ती म्हणाली. "हे दोन चौथ्या-पाचव्यात घुसवते. शिवण जरा घट्ट होईल, एवढंच."

धाकटी शाळेत गणित शिकवायची. उत्तर चुकलं की ती ओरडत नसे, फळा पुसायची. तिने फोन उचलला आणि अर्जावरच्या एका नावावर बोट ठेवलं.

"तुमचं नाव काढते मग."

"अगं!"

"पाय तुमचा आहे, ताई. पण सहा आठवडे तुम्हाला धरून न्हाणीघरापर्यंत मी नेलंय."

"ऐकवतेस होय?"

"ऐकवते."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. थोरलीने मोठी कात्री उचलली आणि वरच्या दोन पट्ट्या सर्रकन कापून कात्रणांच्या टोपलीत टाकल्या.

"गेले ते गेले. झालं समाधान?"

"कागद कापायला काय लागतंय," धाकटी म्हणाली. तरी नावावरचं बोट तिने काढलं. "जा, चालून या."

३. आज.

मिनिट पहिलं. पायात पळायचे बूट. सहा आठवड्यांनी. डावा जरा बावचळलेला, नव्या सुनेसारखा.

मिनिट तिसरं. दुखत नाही.

मिनिट पाचवं. रस्ता संपतो तिथे उतारावर पाण्याची टाकी. मागे वळायचं. जाताना उतार होता, येताना चढ. हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं.

मिनिट आठवं. दुखत नाही. अजिबात नाही. अशा पायाने माणूस टाकीपर्यंत आणखी चार फेऱ्या मारील. थोरलीला भीती होती ती या न दुखणाऱ्या पायाचीच.

मिनिट दहावं. मनगटावरचं घड्याळ थरथरलं. घर अजून चाळीस पावलांवर होतं. गच्चीत धाकटी कठड्याला रेलून उभी, हातात फोन.

चाळीस पावलं म्हणजे काय? कुणी मोजणारही नाही.

थोरली जागच्या जागी थांबली. बाजूला कुलूपवाल्याच्या दुकानाची पायरी होती. तिच्यावर टेकली.

कुलूपवाल्याने कानस थांबवली. "काय हो, दुखतंय का?"

"छे."

"मग?"

"झाली दहा."

त्याने चष्मा कपाळावर सारला, समोरच्या घराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अहो, ते काय तुमचं दार!"

"दिसतंय मला. पण आजच्या रकान्यात नाही ते."

वर पाहिलं तर गच्ची रिकामी. थोड्याच वेळात धाकटी जुनी सायकल दामटत आली आणि एक पाय पायरीला टेकवून उभी राहिली. धाप लागली होती.

"दाबलंस?"

"जिन्यातच."

"दोन्ही नावं?"

"बसा आता मागे. वाजले किती बघा, माझी पोळी टाकायची राहिलीय."

थोरली कॅरिअरवर बसली. धाकटीने पायडलवर उभं राहून चढाला जोर लावला. सायकल कुरकुरली, डुगडुगली आणि निघाली.

"उद्या किती?" धाकटीने मागे न बघता विचारलं.

"उद्या सुट्टी," थोरली म्हणाली.

तिचे दोन्ही बूट रस्त्यापासून वीतभर वर लोंबत होते. ती ते जमिनीला टेकू देत नव्हती.