सुगरणीचं घरटं

“खिडकीबाहेर बघा, सुगरणीचा नर घरटं विणतोय,” मी म्हणालो. निवृत्तीनंतरही दर शनिवारी मी शाळेत पाखरं ओळखायला शिकवतो. आज एकही मान वळली नाही.

फळ्याच्या वर नवा कॅमेरा बसवला होता. मुलांची नजर हटली की त्याचा दिवा लाल होतो आणि गुण कापले जातात. वसतिगृहात जागा आता त्या गुणांवरच मिळणार होती.

“बघ गं, मी सांगतोय ना,” मी हर्षालीला म्हणालो. पाखरांचं वेड तिलाच जास्त, आणि वसतिगृहाची गरजही.

“कॅमेऱ्याला तुमचं सांगणं कळत नाही, गुरुजी,” ती फळ्याकडे बघतच पुटपुटली. “तुम्हीच सांगा, कसं दिसतंय?”

मी सांगू लागलो. ऐकता ऐकता घरटं बघायला तिने डोळे मिटले.

दिवा लाल झाला.