सभा खाली उतरली

नागरिक सल्लागार समितीची सभा दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद. एक सदस्य, चाकांच्या खुर्चीतल्या नर्सबाई, खाली जिन्यापाशी अडकल्या. मुलांच्या मैदानावर वाहनतळ करण्याबद्दल मतदान होतं. तो हवा होता अध्यक्ष शिंपीकाकांना. गाडी लावायला जागा नाही म्हणून त्यांचं गिऱ्हाईक तुटत होतं. बाईंचा कडाडून विरोध. “त्यांच्याशिवाय उरकून घ्या,” सभेला आलेले पालिकेचे अधिकारी म्हणाले, “तुमच्या पथ्यावरच पडेल.” काकांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि ते जिना उतरू लागले. मागोमाग आम्हीही खुर्च्या घेऊन निघालो; आठ्या घालत अधिकारीही उतरले. जिन्यापाशीच बाई पोटतिडकीने बोलल्या, काकाही हिरिरीने भांडले. बाईंच्या एका मताने काकांचा प्रस्ताव पडला. “काका, हातचं घालवलंत की!” मी म्हणालो. “घालवलं खरं,” ते हसले आणि बाईंकडे वळले. “बोला बाई, मैदानाला कुंपण कसलं घालायचं?”