पाचपैकी एक

"थांब रे बाबा!" गाडीच्या रिकाम्या ड्रायव्हर-सीटला तळवा दाखवत आजींनी रस्ता ओलांडला.

"विनाचालक गाडीवरचा विश्वास, पाचपैकी एक," शलाकानं हसत फॉर्म भरला. आतली गंमत तिलाच ठाऊक होती. सीटचीच खोळ पांघरून बबनराव गाडी चालवायचे. मोजायचा होता पादचाऱ्यांचा विश्वास.

"घाबरायचं काय त्यात, आजी?" पाळणाघराला सुट्टी म्हणून सोबत आणलेल्या लेकीला कडेवर घेऊन ती गाडीकडे न बघता ऐटीत पलीकडे गेली. स्वतःला पाच मार्क!

पलीकडच्या टपरीवर बबनराव चहात खारी बुडवत होते.

"तुम्ही इथे? मग गाडीत कोण?"

"कोणी नाही, मॅडम. आजपासून ती खरंच आपली आपण चालते. मेल आला होता की!"

आला होता. लेकीला वरणभात भरवण्याच्या नादात तिनं तो उघडलाच नव्हता.

परत जाताना गाडी आली. लेकीला छातीशी कवटाळून शलाकानं तळवा पुढे केला. "थांब रे बाबा!"

गाडी शहाण्यासारखी थांबली.

अलीकडे आजी उभ्याच होत्या. "आण तो फॉर्म. तुझे मार्क मी घालते."