डबल बेल

"ही तिसरी जागा," बायको म्हणाली. "अजून किती बदलणार आहात?"

ड्रायव्हर कॅम्परच्या, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीच्या, मागच्या चाकाशी वाकून जमिनीचा उतार बघत होता. तीन दिवसांच्या सुट्टीतला हा दुसरा दिवस. समुद्रकाठच्या या तळावरची पहिली जागा संडासाला लागून होती, दुसरीवर सावली नव्हती, आणि या बावीस नंबरवरून समुद्र दिसायचा तो दोन तंबूंच्या फटीतून, टॉवेलाएवढा.

"टेकडीपलीकडच्या तळावर अगदी पाण्यासमोर जागा आहे म्हणे. दहा मिनिटांचा रस्ता."

"मला जागा नकोय. तुम्ही घटकाभर बसा माझ्याजवळ, एवढंच म्हणतेय कालपासून."

"बसतो की. जागा तर नीट मिळू दे."

उरलेली भांडी उचलून ती गाडीत चढली.  चौदा वर्षं ती त्याच्याच बसवर कंडक्टर होती, आणि गेल्या आठवड्यात तिने अर्ज लिहिला होता, मला दुसऱ्या गाडीवर द्यावे. सुट्टी संपली की तो डेपोत द्यायचा. हे तिनेच सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता, आवाज जराही न चढवता. तेव्हापासून हा गडी एका जागी ठरत नव्हता. मित्राची कॅम्पर मागून आणली, खुर्च्या, छत्री, शेगडी, लेकीची भातुकली, सगळा संसार भरला, आणि आल्यापासून नुसता नाचत होता.

आताही तो खुर्च्या आत टाकून तरातरा स्टिअरिंगवर जाऊन बसला. मागचं दार धाडकन लागलं. पाठोपाठ टण टण.

झालं. डबल बेल पडली की गाडी निघते, त्यात विचार करायचा नसतो. मागचं सगळं कंडक्टरचं, पुढचं सगळं ड्रायव्हरचं. चौदा वर्षांत त्याने एकदाही मान वळवून खात्री केली नव्हती. पाय क्लचवरून आपोआप उचलला गेला आणि कॅम्पर फाटकातून बाहेर पडली.

रस्ता सुट्टीच्या गाड्यांनी तुंबला होता. मागे पडदा ओढलेला. ती आडवी झाली असणार, भिंतीकडे तोंड करून. त्याने घसा खाकरला. नजर रस्त्यावर असली की त्याला बोलता यायचं. समोर माणूस बसलं की जीभ टाळूला चिकटायची.

"तो अर्ज देऊ नकोस," तो म्हणाला.

पुढची गाडी हातभर सरकली, तोही सरकला.

"तू म्हणालीस, घरीही ड्रायव्हर, कामावरही ड्रायव्हर, नवरा कुठाय? खरंय. पण मला बसायची भीती वाटते गं. बसलो की तू अर्जाचं काढशील. म्हणून हे सगळं, जागा नि सावली नि उतार. तुला वाटत असेल याला चैन पडत नाही. नाहीच पडत. दुसऱ्या कुणाच्या बेलवर माझी गाडी निघायची नाही. पाय उचलणारच नाही माझा."

मागून हूं की चूं नाही. आणखी दोन वळणं गेली.

"शिव्या दे, पण बोल काहीतरी."

पडद्यातून लेकीचं डोकं बाहेर आलं. सात वर्षांची. एका हातात स्टीलची ताटली, दुसऱ्यात चमचा.

"बाबा, आई नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"दोरीवरचे कपडे काढायला खाली उतरली ना. बाहेरून दार लावलं तिने."

"मग बेल कुणी..." त्याला चमचा दिसला, मग ताटली. "अगं, मग मघाशीच सांगायचं नाही?"

"तुम्ही बोलत होतात. आई म्हणते, बाबा कधी नव्हे ते बोलत असले की मध्ये बोलायचं नाही."

वळायला जागा मिळेपर्यंत पाव तास गेला. कुणीकुणी हॉर्न मारून त्याचा उद्धार केला. फाटकावरच्या वॉचमनने हात आडवा धरला. "बावीस नंबर दिला हो दुसऱ्यांना. तुम्ही गेलात ना?" मग आत डोकावत हसू दाबून म्हणाला, "बाई पाण्याकडे गेल्यात."

गाडी कुंपणाशी लावून तो लेकीला घेऊन पळत सुटला. वाटेत जुळवलेल्या चार माफ्या पळता पळताच सांडल्या.

ती ओल्या वाळूत बसली होती, कपड्यांचं बोचकं मांडीवर, पाय पाण्यात. रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

"चौदा वर्षांत पहिल्यांदाच तुमची गाडी बाहेरून बघितली," ती म्हणाली. "जाताना."

तो धपकन तिच्याशेजारी बसला. पँट भिजली, तरी उठला नाही.

"आई, बाबा गाडीत तुझ्याशी कित्ती बोलले!" लेक म्हणाली. "आणि तू नव्हतीसच."

"माझ्याशी? काय बोलले?"

"ते मी नाही सांगणार. त्यांनाच विचार."

बायको त्याच्याकडे वळली.  त्याचे हात गुडघ्यांवरून उगाच फिरले, त्यांना धरायला स्टिअरिंग नव्हतं. एवढ्या जवळून ती आपल्याकडे बघते आहे, याने त्याचे कान तापले.   त्याचं 'म्हणजे'च्या पुढे काही जाईना.

ती वाट बघत राहिली. मग तिने बोचकं लेकीकडे दिलं, उठली, आणि त्याच्या मागे जाऊन, पाठीला पाठ टेकून बसली.

"हं," ती म्हणाली. "आता सांगा."